जमीन आणि चाकरी : बॅरिस्टर आंबेडकरांची वकिली

वकिलाचें चरित्र म्हटलें म्हणजे त्यांत गाजलेल्या खटल्यांच्या, बिनतोड उलटतपासण्यांच्या आणि भल्याथोरल्या फीच्या कथा असावयाच्या, अशी आपली समजूत असते. आज ज्या वकिलांविषयीं बोलण्याचें मीं योजिलें आहे, त्यांच्या वकिलींत शेवटची गोष्ट फारशी आढळणार नाहीं. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर हें नांव उच्चारतांच राज्यघटना डोळ्यांपुढें उभी राहते, आणि तें योग्यच आहे. परंतु घटनेचा मसुदा हातीं येण्यापूर्वीं सुमारें चोवीस वर्षें हे गृहस्थ मुंबईंत बॅरिस्टर म्हणून वावरत होते. आणि त्यांच्या कायद्याच्या कामाचा फार मोठा भाग दोनच प्रश्नांनीं व्यापलेला होता. जमीन कोणाची, हा एक. आणि चाकरी कोणत्या अटीवर, हा दुसरा. मोठ्या शहरांतील आजचे वकील स्थावर मिळकतीचें काम एकीकडे ठेवतात व नोकरीधंद्याचे तंटे दुसरीकडे. आपल्या खेड्यांत मात्र हीं दोन्हीं प्रकरणें एकाच दप्तरांत बांधलेलीं असत. जमीन होती म्हणून चाकरी करावी लागे, आणि चाकरी नाकारली तर जमीन जाई. ही गांठ सोडविण्याची त्यांनीं जी खटपट केली, तिचा इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

नोकरीचा करार म्हणजे काय वस्तु आहे, हें आंबेडकरांना पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. १९१३ सालीं बडोदें संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेस जातांना त्यांनीं एका करारावर सही केली होती. परत आल्यावर दहा वर्षें संस्थानची नोकरी करावी, अशी त्यांत अट होती. त्याप्रमाणें १९१७ सालीं ते बडोद्यास हजर झाले. नोकरी मिळाली, राहावयास घर मिळेना. हिंदूंच्या खाणावळींत प्रवेश नाहीं, म्हणून एका पारशी उतारगृहांत पारशी नांव नोंदवून ते राहिले. अकराव्या दिवशीं सकाळीं हातांत काठ्या घेतलेला दहाबारा पारशी मंडळींचा घोळका जिन्यावरून वर आला, आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम देऊन गेला. एक हिंदु मित्र व एक ख्रिस्ती मित्र, दोघांनींही आसरा देण्याची आपली अडचण सांगितली. सार्वजनिक बागेंत झाडाखालीं बसून त्यांनीं दिवस काढला व रात्रीच्या गाडीनें मुंबई गांठली. हा प्रसंग त्यांनीं पुढें स्वतः लिहून ठेवला आहे. कोलंबिया विद्यापीठांत अर्थशास्त्राचें शिक्षण घेतलेल्या, पदव्या मिळविलेल्या मनुष्यास दहा वर्षांची नोकरी कागदावर बांधून दिलेली होती, पण त्या नोकरीच्या गांवीं त्याला पथारी टाकावयास हातभर जागा नव्हती. मालक, भाडेकरू आणि चाकर यांच्या नात्यांत कायदा कोठें संपतो व रूढि कोठें सुरू होते, याचा हा धडा कोणत्याही लॉ कॉलेजांत मिळणारा नव्हे.

पुढच्याच वर्षीं, म्हणजे १९१८ सालीं, हिंदुस्थानांतील लहान शेतांविषयीं त्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. तुकडे एकत्र करा, कायद्यानें शेतें मोठीं करा, असा त्या वेळीं सर्वत्र घोष चालू होता. आंबेडकरांचें म्हणणें निराळें पडलें. शेताचा आकार ही दुखण्याची खूण आहे, मूळ नव्हे. एका तुकड्यावर जितकीं माणसें विसंबून आहेत त्यांतील वरकड हातांना कारखान्यांत काम मिळालें, तर शेताचा प्रश्न आपोआप सुटूं लागेल, असा त्यांचा मुद्दा होता. जमिनीचा विचार करतांना मजुरीकडे पाहण्याची ही संवय त्यांना शेवटपर्यंत राहिली. १९२७ सालीं मुंबईच्या कायदेकौन्सिलांत लहान शेतांसंबंधींचें बिल आलें, तेव्हां सभासद या नात्यानें त्यांनीं त्यास याच भूमिकेवरून विरोध केला.

१९२२ च्या जून महिन्यांत लंडनच्या ग्रेज इनमधून ते बॅरिस्टर झाले, आणि १९२३ सालीं मुंबईस परतून त्यांनीं हायकोर्टाची सनद घेतली. सनदेसाठीं लागणारे पैसेही जवळ नव्हते. ते नवल भथेना या पारशी मित्राच्या मदतीनें उभे राहिले. बडोद्याच्या पारशांची गोष्ट सांगितल्यावर ही दुसरी सांगणें न्यायाचें आहे. मुंबई हायकोर्टाच्या मूळ शाखेंत त्या काळीं बॅरिस्टराला पक्षकार थेट गांठीत नसे. मध्यें सॉलिसिटर असे, आणि सॉलिसिटर कोणाला काम देणार हें बुद्धीवर थोडें आणि ओळखीपाळखीवर पुष्कळ अवलंबून असे. अस्पृश्य मानलेल्या बॅरिस्टराच्या टेबलावर ब्रीफ कोण ठेवणार ? तेव्हां अपील शाखा आणि जिल्ह्यांचीं कोर्टें हाच मार्ग उरला. मिळकतीला जोड म्हणून ते हिशेबनिसांच्या एका शिक्षणसंस्थेंत व्यापारी कायदा शिकवीत. पुढें सरकारी लॉ कॉलेजांत अध्यापक झाले आणि १९३५ ते १९३८ पर्यंत तेथले प्रिन्सिपॉल होते. परळच्या दामोदर हॉलांतील त्यांच्या कचेरींत येणारे पक्षकार गिरणीकामगार, सफाईकामगार, कोंकणांतील कुळें असे असत, आणि त्यांच्यापैकीं पुष्कळांजवळ फीच काय, परतीचें गाडीभाडेंही नसे. ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरील १९२६ चा खटला, फिलिप स्प्रॅट यांच्यावरील १९२७ चा राजद्रोहाचा खटला, र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावरील १९३४ चा खटला, हीं त्यांचीं गाजलेलीं कामें होत. परंतु तीं लेखनस्वातंत्र्याचीं कामें आहेत, म्हणून त्यांचा केवळ उल्लेख करून मी पुढें जातों.

महाडच्या चवदार तळ्याची हकीकत आपण सर्वांनीं ऐकली आहे. तीत स्थावर मिळकतीचा एक दिवाणी दावा होता, याकडे मात्र फार थोड्यांचें लक्ष जातें. १९२३ सालीं रावबहादुर सी. के. बोले यांनीं मुंबई कौन्सिलांत ठराव मांडला कीं, सरकारी पैशानें बांधलेल्या वा सार्वजनिक संस्थांच्या ताब्यांतील विहिरी, तळीं, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना मोकळे असावे. त्यास अनुसरून महाडच्या म्युनिसिपालिटीनें १९२४ सालीं आपलें तळें मोकळें केल्याचा ठराव केला. ठराव दप्तरांत राहिला. २० मार्च १९२७ रोजीं आंबेडकर व त्यांच्यामागें हजारों लोक तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याची शुद्धि झाली, आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजीं म्युनिसिपालिटीनें आपला ठराव मागें घेतला. डिसेंबरांत पुन्हां सत्याग्रह करावयाचें ठरलें, तोंच १२ डिसेंबरला नऊ वर्षांच्या लढ्याला पुरेल असा एक कागद महाडच्या सबजज्जाच्या कोर्टांत दाखल झाला.

त्या दाव्यांत फिर्यादींचें म्हणणें असें होतें कीं, हें तळें सार्वजनिक नव्हेच. तें स्पृश्य वर्गाच्या खासगी मालकीचें आहे, आणि अस्पृश्यांनीं तेथें येऊं नये अशी अनादि कालापासूनची वहिवाट आहे. १४ डिसेंबरला कोर्टानें तात्पुरता मनाईहुकूम दिला. २५ डिसेंबरला परिषदेसाठीं महाडास जे हजारों लोक जमले, ते तळ्यावर जाण्याच्या निर्धारानेंच आलेले होते. त्यांच्यापुढें उभें राहून त्यांच्याच नेत्यानें सांगितलें कीं, मनाईहुकूम मोडूं नये. मला त्यांच्या चरित्रांतील हा क्षण फार अवघड वाटतो. पुढारी म्हणून पाहिलें तर माघार. वकील म्हणून पाहिलें तर मात्र पाऊल अचूक. हुकूम मोडला असता तर भांडण कोर्टाच्या बेअदबीचें झालें असतें, आणि तळें कोणाचें हा मूळ प्रश्न बाजूस पडला असता. त्यांना उत्तर हवें होतें तें मूळ प्रश्नाचें. लोकांनीं ऐकलें, तळ्याभोंवतीं शांतपणें मिरवणूक काढली, आणि ते आपापल्या गांवीं परतले. ज्याच्या शब्दाखातर हजारों माणसें तहानेला कोर्टाची तारीख लावून घेतात, अशा वकिलाचें वजन फीच्या आंकड्यांनीं मोजतां येत नाहीं.

मनाईहुकूम फेब्रुवारी १९२८ मध्यें उठला. मूळ दाव्याचा निकाल ८ जून १९३१ रोजीं लागला. तळें म्युनिसिपालिटीचें ठरलें, फिर्यादींचें खासगी नव्हे. ठाण्यास अपील झालें तें ३० जानेवारी १९३३ रोजीं फेटाळलें गेलें. मग प्रकरण हायकोर्टांत आलें. आतां मुख्य वाद वहिवाटीचा होता. वहिवाटीला कायद्याचें बळ यावयाचें तर ती पुरातन, निश्चित, अखंड आणि न्यायाला सोडून नसलेली अशी असावी लागते. घराण्याची प्रतिष्ठा सांगण्यास ‘पूर्वापार’ हा शब्द पुरतो, कोर्टांत त्याला पुरावा लागतो. न्यायमूर्ति ब्रूमफील्ड व न्यायमूर्ति वाडिया यांनीं अनादि वहिवाट शाबीत झाली नाहीं म्हणून १७ मार्च १९३७ रोजीं अपील काढून टाकलें. हे ब्रूमफील्ड तेच, ज्यांच्यापुढें १९२२ सालीं अहमदाबादेस महात्मा गांधींचा खटला चालला होता. पाण्याच्या ओंजळीपासून हायकोर्टाच्या निकालापर्यंत तीन दिवस कमी दहा वर्षें लागलीं.

आतां वतनाकडे वळूं. आमच्या शाळेच्या पुस्तकांतून वतन हा शब्द मानाचा म्हणून येत असे. देशमुखी वतन, पाटिलकीचें वतन, वतनासाठीं झालेल्या भाऊबंदक्या, हें सारें मीही वर्षानुवर्षें मुलांना शिकविलें. त्याच शब्दाला महारवाड्यांत जो अर्थ होता, तो मात्र पुस्तकांत नसे. महार वतन म्हणजे गांवकीच्या चाकरीबद्दल दिलेली इनाम जमीन, आणि तिच्या जोडीला सुगीच्या वेळीं कुणब्यांच्या खळ्यावरून मिळावयाचें बलुतें. चाकरी काय ? सरकारी वसुलाबरोबर तालुक्यास जाणें, अंमलदार आला कीं त्याच्या दिमतीस राहणें, टपाल पोंचविणें, रात्रीं गस्त घालणें, शिवेच्या तंट्यांत साक्ष देणें, मयताचा सांगावा गांवोगांव नेणें, मेलेलीं गुरें ओढणें. यादी येथें संपते असें समजूं नका. यादी नव्हतीच, हेंच तर मुख्य दुःख होतें. चोवीस तासांत केव्हांही हांक आली कीं उठावें. घरचा कर्ता गांवीं नसला तर बाप, भाऊ, मुलगा, जो सांपडेल त्यानें जावें. आणि याचा मोबदला ? जमीन पिढ्यान्‌पिढ्या वांटणी होऊन एकेका घराच्या वांट्यास ओंजळभर आलेली. बलुतें देणाराच्या मर्जीवर अवलंबून. गांवानें रागावून बलुतें बंद केलें, तर तें वसूल करण्याचा धड मार्ग महारापाशीं नव्हता. उलट महारानें काम बंद केलें, तर वतन जप्त होण्याची भीति मात्र होती. १८७४ च्या वतन कायद्यानें ही सारी रचना तशीच उचलून धरिली होती.

या ठिकाणीं कायद्याच्या दृष्टीनें एक चमत्कारिक गोष्ट दिसते. महार हा सरकारचा चाकर म्हणावा, तर त्याला पगार सरकार देत नाहीं. गांवाचा चाकर म्हणावा, तर हुकूम सरकारी अंमलदार सोडतो. जमिनीचा मालक म्हणावा, तर तो ती सोडूं शकत नाहीं आणि धड ठेवूंही शकत नाहीं. १९ मार्च १९२८ रोजीं आंबेडकरांनीं मुंबई कौन्सिलांत वतन कायद्याच्या दुरुस्तीचें जें बिल मांडलें, तें या तिन्ही टोंकांना हात घालणारें होतें. ज्या वतनदाराला चाकरी नको असेल त्याला जमिनीचा पुरा आकार भरून ती रयतेप्रमाणें राखतां यावी. बलुत्याच्या ऐवजीं पैशाच्या रूपानें पट्टी बसवून ती सरकारी वसुलाबरोबर गोळा व्हावी. आणि महाराचीं कामें कोणतीं व तीं कोणासाठीं, हें ठरवून लिहिलें जावें. मागणी किती साधी ! आपण घरीं गडी ठेवतांना जेवढें बोलून घेतों, तेवढेंच कायद्यानें बोलून ठेवावें, इतकेंच हें होतें.

बिल निवड समितीकडे गेलें. महसूल खात्याला तें नको होतें, कारण गांवोगांवचा एवढा फुकटासारखा नोकरवर्ग सुटला तर त्या जागीं पगारी माणसें नेमावीं लागतील, हा हिशेब उघड होता. वतन सोडावें कीं राखावें, याविषयीं खुद्द महार समाजांतही दोन मतें होतीं. पोट न भरणारी कां होईना, पण जमीन आहे, या भावनेंत नवल नाहीं. समितींतून बिल इतकें बदलून बाहेर आलें कीं १९२९ सालीं आंबेडकरांनीं तें परत घेतलें. प्रश्न त्यांनीं सोडला नाहीं. वतनी जमिनीवरील जुडी वाढविण्यांत आली, तेव्हां १९३९ च्या डिसेंबरांत नगर जिल्ह्यांत हरेगांवास मोठी परिषद भरवून त्यांनीं तिचा जाहीर निषेध केला. परंतु कायदा होता तेथेंच राहिला.

कोंकणांतील खोतीची कथा याच घराण्यांतली आहे. खोत हा मूळचा गांवचा सारा सरकारांत भरणारा मध्यस्थ. काळाच्या ओघांत तो गांवाचा धनी होऊन बसला. कुळाकडून अर्धेलीनें, तिर्धेलीनें धान्य घ्यावें, सरकारचा धारा भरावा, उरेल तो खोतफायदा आपल्या कोठारांत. त्याशिवाय वेठ होतीच. खोताचें शेत आधीं नांगरावें, आपलें मागून. १८८० च्या खोती कायद्यानें कांहीं कुळांचे हक्क मान्य केले होते, परंतु ज्याचें नांव कागदावर नाहीं त्या कुळाला केव्हांही उठवितां येत असे. १९२९ सालीं चिपळूणच्या परिषदेंत आंबेडकरांनीं या पद्धतीविरुद्ध आवाज उठविला. कुलाबा जिल्ह्यांत नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखालीं चरी व आसपासच्या गांवच्या कुळांनीं १९३३ पासून शेतें न कसण्याचा जो संप केला, तो १९३९ पर्यंत चालला. त्या चळवळीला आंबेडकरांचा पाठिंबा होता. पेरणी न करतां सहा पावसाळे काढणें म्हणजे काय, हें कोंकणांतल्या माणसालाच विचारावें.

१९३६ सालीं आंबेडकरांनीं स्वतंत्र मजूर पक्ष काढला. त्या पक्षातर्फे नव्या असेंब्लींत आल्यावर १७ सप्टेंबर १९३७ रोजीं त्यांनीं खोती नष्ट करण्याचें बिल मांडलें. त्यांत खोताला वाजवी भरपाई होती, हें आवर्जून सांगण्यासारखें आहे. प्रत्यक्ष कसणाराला १८७९ च्या जमीन महसूल कायद्यांतील कबजेदाराचा दर्जा मिळावा, एवढा त्यांचा आग्रह होता. म्हणजे शेतकऱ्यानें आणि सरकारनें एकमेकांना थेट ओळखावें, मध्यें कोणी नको. बिल पुढें सरकावें म्हणून १० जानेवारी १९३८ रोजीं ठाणें, कुलाबा, रत्नागिरी इत्यादि जिल्ह्यांतून हजारों शेतकरी मुंबईस आले व त्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलकडे निघाला. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांनीं शिष्टमंडळाची भेट घेतली. बिल मात्र संमत झालें नाहीं.

येथवर जमीन झाली. आतां गिरणीकडे पाहूं. खेडें सोडून मुंबईस आलेल्या अस्पृश्य मजुराला गिरणींत काम मिळे, पण विणकाम खात्यांत नाहीं. तेथें मजुरी अधिक असे, आणि तुटलेला धागा तोंडानें ओढून लावावा लागे म्हणून इतर कामगार त्याला तेथें शिरूं देत नसत. १९२८ च्या सहा महिन्यांच्या मोठ्या संपांत आंबेडकरांनीं हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढें रोकठोक ठेविला. रेल्वेंतही तीच तऱ्हा. १९३८ च्या फेब्रुवारींत मनमाडास रेल्वेच्या कामगारांपुढें बोलतांना त्यांनीं दाखवून दिलें कीं, अस्पृश्य मनुष्य गँगमन म्हणून जन्म काढतो पण पोर्टर होत नाहीं. कारण पोर्टराकडून स्टेशनमास्तर घरचीं कामें करून घेतो. मालक आणि मजूर हा एक वाद झाला. मजूर आणि मजूर हा दुसरा वाद झांकून पहिला सुटणार नाहीं, असें ते म्हणत. त्या वेळच्या मजूर पुढाऱ्यांना हें ऐकणें कडू वाटे.

असें असतांही १९३८ च्या सप्टेंबरांत खेर मंत्रिमंडळानें औद्योगिक तंट्यांचें बिल आणलें, तेव्हां त्याला विरोध करण्यास ते त्याच पुढाऱ्यांच्या शेजारीं उभे राहिले. बिलाचा आशय असा कीं, तडजोडीची ठरीव रीत पार पाडल्यावांचून संप केला तर तो बेकायदा, आणि संपवाल्यास शिक्षा. ऐकावयास समंजस वाटतें. आंबेडकरांचें १५ सप्टेंबरचें भाषण हें माझ्या मतें त्यांच्या वकिलीचा उत्तम नमुना आहे. त्यांचा युक्तिवाद मी माझ्या शब्दांत सांगतों. संप म्हणजे काय ? करार मोडून काम थांबविणें. करार मोडणें हा दिवाणी दोष आहे. नुकसानभरपाई मागा, नोकरींतून काढा. गवयानें गाण्याचें कबूल करून ऐन वेळीं नकार दिला तर कोर्ट त्याच्याकडून पैसे देववील, पण शिपाई पाठवून त्याला गावयास लावणार नाहीं. कारण माणसाकडून त्याच्या इच्छेविरुद्ध चाकरी करून घेणें, यालाच गुलामगिरी म्हणतात. मग गिरणीकामगारानें मात्र काम थांबविलें तर तो गुन्हेगार कां व्हावा ?

या युक्तिवादामागें मोठा इतिहास होता. १८५९ च्या एका कायद्यानें आगाऊ पैसे घेऊन काम टाकणाऱ्या कारागिराला व मजुराला मॅजिस्ट्रेटपुढें उभें करून तीन महिन्यांपर्यंत कैद देतां येत असे. पीनल कोडांतही त्याच धर्तीचीं कलमें होतीं. तीं कलमें व तो कायदा १९२५ सालीं रद्द झाले. मोठ्या कष्टानें बंद केलेलें दार तेरा वर्षांत पुन्हां उघडत आहे, अशी आंबेडकरांची तक्रार होती. महारानें काम टाकलें तर वतन जातें आणि गिरणीवाल्यानें काम टाकलें तर स्वातंत्र्य जातें, यांत तत्त्वाचा भेद कोठें आहे, असा विचार हें भाषण वाचतांना माझ्या मनांत वारंवार येतो. ७ नोव्हेंबर १९३८ रोजीं मुंबईंत एक दिवसाचा संप झाला, गोळीबारही झाला. पण सरकारपाशीं बहुमत होतें आणि कायदा झाला.

इतिहासाला थट्टेची आवड असावी. चार वर्षांनीं, जुलै १९४२ मध्यें, आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत मजूर खात्याचे सभासद झाले, आणि ज्या सरकारांत ते बसले त्यानें त्याच वर्षाच्या जानेवारींत भारत संरक्षण नियमांत ८१-अ हा नियम घालून संपावर निर्बंध आणले होते. १९४३ च्या ऑगस्टांत खाणींत जमिनीखालीं स्त्रियांना काम करण्याची बंदीही कोळशाच्या टंचाईमुळें उठविण्यांत आली, आणि तिचें समर्थन विधिमंडळांत त्यांनाच करावें लागलें. १९२८ सालीं मुंबई कौन्सिलांत बाळंतपणाच्या रजेच्या बिलाला कळकळीनें पाठिंबा देणारे ते हेच. युद्धाची निकड त्यांनीं सांगितली. स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल हेंही सांगितलें. १९४६ च्या फेब्रुवारीपासून बंदी पुन्हां लागू झाली. तरीही ही गोष्ट मला रुचत नाहीं, आणि मोठ्या माणसाच्या चरित्रांतून ती गाळावी असेंही वाटत नाहीं.

त्या चार वर्षांचें जमेचें पान मात्र भरगच्च आहे. सरकार, मालक व मजूर यांना एका मेजाभोंवतीं बसविणारी त्रिपक्षीय परिषद, काम देणाऱ्या सरकारी कचेऱ्या, १९४५ चा भरपगारी सुट्यांचा कायदा, आणि कारखान्यांतील आठवडा चोपन्न तासांवरून अठ्ठेचाळीस तासांवर आणणारी १९४६ ची दुरुस्ती, हीं त्या काळांतलीं कामें होत. किमान वेतनाचें बिल त्यांनीं एप्रिल १९४६ मध्यें मांडलें. त्याचा कायदा १९४८ सालीं झाला. यांतील फार बोलबाला न झालेला एक कायदा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो १९४६ च्या एप्रिलांतला, कारखान्यांच्या स्थायी आदेशांचा. शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या मालकानें कामाचे तास, पाळ्या, रजा, नोकरींतून काढण्याची रीत, हें सारें लिहून काढावें, सरकारी अधिकाऱ्याकडून तपासून घ्यावें, आणि कामगारांना वाचतां येईल अशा ठिकाणीं लावावें. अठरा वर्षांपूर्वीं महारांचीं कामें लिहून काढा म्हणून जें मागणें कौन्सिलानें मोडीत काढलें होतें, तें गिरणीच्या भिंतीवर अशा रीतीनें टांगलें गेलें.

गांवांत तें पोंचावयास आणखी वेळ लागला. वेठबिगारीस बंदी करणारें घटनेचें तेविसावें कलम १९५० सालीं अमलांत आलें. खोती नष्ट करणारा मुंबई सरकारचा कायदाही त्याच सुमारास झाला. १९३७ चें बिल संमत न करणाऱ्या पक्षाच्याच राजवटींत तो झाला, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. वतनाचा निकाल मात्र आंबेडकरांना पाहावयास मिळाला नाहीं. ते ६ डिसेंबर १९५६ रोजीं वारले, आणि कनिष्ठ गांव वतनें रद्द करणारा कायदा १ ऑगस्ट १९५९ पासून लागू झाला. त्यानें चाकरी गेली. जमीन ठरावीक रक्कम भरणाऱ्या वतनदाराला परत देण्याची तजवीज झाली. परंतु ती दिली नव्या शर्तीनें, म्हणजे सरकारी परवानगीवांचून विकतां वा वांटतां येणार नाहीं अशा अटीवर. गरिबाची जमीन सावकारानें गिळूं नये हा हेतु त्यांत होता, आणि जमिनीवरील सरकारचा हातही त्यांत शिल्लक राहिला. आजही तलाठ्याकडून अशा जमिनीचा सात-बाराचा उतारा काढला, तर कबजेदाराच्या नांवाशेजारीं ‘भोगवटादार वर्ग दोन’ हे शब्द बहुधा आढळतात. आणि त्या दोन आंकड्याचा एक करून घेण्यासाठीं नातवंडें-पतवंडें कलेक्टर-कचेरीच्या बांकांवर बसलेलीं दिसतात.